राखीव माणूस

एड्रियन,

सख्ख्या भावाला ‘प्रिय’ लिहायला हात धजावत नाही. हे पत्र टाकणारही नाही. तुझं गुळगुळीत उत्तर मला वाचायचं नाही.

संरक्षण मंत्रालयात बसून तू कायमच्या फौजेला कात्री लावलीस आणि ख्रिसमसच्या जेवणावर म्हणालास, “राखीव माणसं आहेत की. बोलावलं की हजर.” डॅड तेव्हा हसले होते. “ती एरवी कपाटात टांगलेली असतात का रे?”

ती आमच्या वॉर्डात असतात. क्लाइव्ह आमच्याकडे नर्स आहे आणि मंगळवारी संध्याकाळी राखीव सैनिक. जानेवारीत फ्लूने हॉस्पिटल भरलं, म्हणून हॉस्पिटलच्या साहेबांनी लष्कराकडे मदत मागितली. लष्कराकडे स्वतःचे नर्स उरलेच नव्हते. त्यांनी क्लाइव्हला बोलावून घेतलं, चार दिवस बराकीत फॉर्म भरायला बसवलं. इकडे तीस पेशंट, त्यात चार नंबरच्या खाटेवर आपले डॅड, आणि मी एकटी. बुधवारी डॅडनी बेल वाजवली. मी पोचेपर्यंत ते स्वतःच उठायला जाऊन पडले होते.

शुक्रवारी लष्कराची मदत आली. गाडीतून क्लाइव्ह उतरला, कडक इस्त्रीच्या गणवेशात, आमच्याच वॉर्डासाठी. साहेबांनी त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. मग तो सवयीने चार नंबरच्या खाटेकडे वळला. “सिस्टर, तुमच्या डॅडना कुठे हलवलं?”

डॅडच्या अंत्यविधीला तुझा निरोप आला, ‘बैठक आहे, जमणार नाही.’ तू काळजी करू नकोस, तुझी जागा भरली. शवपेटीला तुझ्या जागी क्लाइव्हने खांदा दिला, आणि तेवढा वेळही वॉर्ड त्याच्याविनाच होता.

हिलरी