अडॅप्ट, अडॉप्ट

४ नोव्हें., मंगळ.
क्लेअरचा मेसेज. सूनबाईंचं मराठी 'आई, जेवलात का' एवढंच. बाकी सगळं इंग्रजी, नि माझं इंग्रजी सातवीपर्यंतचं. तरी मीरा, डॅनियल आणि अडॉप्ट, हे तीन शब्द कळले. दत्तक. निलेशला जाऊन तीन वर्षं होतायत आणि माझी नात आता त्या डॅनियलची. क्लेअरनं पुन्हा लग्न केलं तेव्हा मी काही बोलले नव्हते. आज जेवले नाही.

५ नोव्हें.
डिक्शनरीत बघून, जुळवून उत्तर पाठवलं. 'मीराचे वडील निलेश. दुसरे कोणी नाही. मला फोन करू नका.' शेवटचं का लिहिलं...
दारात जया, उरणची मासेवाली. "मावशी, आज पन मावरा नको? तब्येत बरी हाय ना?" बरी आहे म्हटलं. दिवसभरात तोंडातून निघालेलं तेवढंच.

८, शनि.
दर शनिवारी साडेअकराला मीरा व्हिडिओवर दिसते. आज नाही. मीच नको म्हटलंय. तरी दीडपर्यंत मोबाईल मांडीवर.

१०, सोम.
खालच्या मजल्यावर दिघेबाई इंग्रजीची शिकवणी घेतात. शेवटी त्यांना मेसेज दाखवला. दोनदा वाचला त्यांनी. "अहो, हे अडॉप्ट कुठंय? अडॅप्ट आहे. ओ नाही, ए. मीरा डॅनियलला हळूहळू सरावतेय, एवढंच. आणि पुढे लिहिलंय, अजून बाबांचा फोटो उशाशी लागतो तिला."
ती पुढची ओळ मी वाचलीच नव्हती.
घरी जाववेना. वडाळे तलावावर बसून राहिले. ओळखीचं कुणी भेटलं नाही, बरं झालं.

११.
माफी लिहिली. बाई म्हणाल्या, मी लिहून देते. नको म्हटलं. माझ्या चुकांसकट गेली.

१३, गुरु.
उत्तर आलं. अक्षर अन् अक्षर बोटाखाली धरून वाचलं, मग बाईंकडून खात्री करून घेतली. रागावलेली नाही. लिहिते, अडॉप्टचंही आमच्या मनात आहे. तुम्हाला विचारायचा धीर होत नव्हता. आडनाव निलेशचंच ठेवू. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार.
या वेळी ओच आहे.
"काय कळवू?" बाईंनी विचारलं. म्हटलं, थांबा.
दुपारी 'येस' लिहिलं, खोडलं. 'नो' लिहिलं, तेही खोडलं. परवा शनिवार, मीरा दिसेल. तिलाच विचारावं, बाळा, तुला काय वाटतं. पण तिला मराठी येत नाही, आणि एवढं इंग्रजी मला...