ब्लॅकजॅकच्या टेबलावरची शेवटची खुर्ची

बाबा, दादाचा पुण्याहून फोन आला होता. तुमच्या शाळेचे माजी विद्यार्थी स्मरणिका काढतायत आणि त्यात मुलीच्या आठवणी म्हणून माझ्याकडून दोन पानं हवी आहेत. "बाबांनी न्यूझीलंडला जाऊनसुद्धा गणित सोडलं नाही, ते कसिनोचं लिही, लोकांना मजा वाटेल," असं तो म्हणाला. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. एवढ्या काळात ती गोष्ट मी इतक्या वेळा सांगितलीय, गणपतीत, कुणाकडच्या पॉटलक जेवणाला, हॉस्पिटलच्या फार्मसीत डबा खाताना, की ती बोलताना मला आता विचारही करावा लागत नाही. सत्तरी ओलांडलेले गणिताचे मास्तर, दर शनिवारी हॅमिल्टनच्या कसिनोत पत्ते मोजायला जातात आणि सोबत मुलगी. लोक हसतात, कुणीतरी हमखास म्हणतं, किती गोड. तुम्ही गोड नव्हतात, बाबा. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल.

कुणी कुठे बसायचं हे तुम्ही आयुष्यभर ठरवलंत. सातवीत तुम्ही माझे वर्गशिक्षक होतात. प्रत्येक घटक चाचणीनंतर तुम्ही अख्ख्या वर्गाला दप्तरं घेऊन भिंतीशी उभं करायचात आणि मार्कांप्रमाणे एकेकाला बाकावर बसवायचात, पहिला खिडकीशी, शेवटचा दाराशी. मी वर्षभर दाराशी बसले. मास्तरांच्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून ते तुझे मार्क कापत असतील, असं आई मला समजवायची, पण मला ते समजावणं नको होतं. मला तुमच्या तोंडून एकदा "बरोबर" ऐकायचं होतं. घरी जेवायला बसलं की तुम्ही विचारणार, "सतरा आठे?" आणि आई आमटीचा डाव हातात धरून माझ्या वाटीवर थांबलेली. चुकलं की डाव तसाच परत पातेल्यात. बरोबर आलं की तुम्ही म्हणायचात, "पुढचं." बाकीच्या मुलांना तुम्ही "बरोबर" म्हणायचात, फळ्याशी उभं राहून, खडू हातात फिरवत, कौतुकाने म्हणायचात. मी दाराजवळच्या बाकावरून ते ऐकलेलं आहे. मला फक्त पुढचं गणित मिळायचं आणि त्यानंतर त्याच्या पुढचं, आणि तुम्हाला कधी कळलं नाही की आमटी तोवर गार झालेली असते.

आई गेल्यावर तुम्ही हॅमिल्टनला, रोटोटुनाच्या आमच्या घरी आलात. घराला नावं ठेवलीत, शेजाऱ्यांना ठेवलीत, दुधाची बाटली आणायलासुद्धा गाडी काढावी लागते म्हणून अख्ख्या देशाला ठेवलीत. मग एका रविवारी सेकंडहँड दुकानातून ब्लॅकजॅकवरचं एक जुनं, पानं सुटलेलं पुस्तक घेऊन आलात आणि तक्रारी थांबल्या. खेळ तसा सोपा. आपल्या पत्त्यांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची, वर गेली की आपण बाद, आणि समोरचा डीलरही तेच करणार. पुस्तकाचं म्हणणं असं की डीलर ज्या डब्यातून पत्ते वाटतो त्यातून कुठले निघून गेले हे लक्षात ठेवलं तर आत काय उरलंय ते कळतं. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता गेला की अधिक एक. दश्शी, चित्रं नाहीतर एक्का गेला की उणे एक. आकडा वर चढला म्हणजे आत मोठे पत्ते जास्त, तेव्हा मोठा डाव लावायचा. मी ओट्याशी कणीक मळत असायची आणि मागे डायनिंग टेबलावर तुम्ही एकेक पत्ता आपटत असायचात. "आता किती?" मी मान वळवून पत्ते बघायची आणि सांगायची. "पुढचं." मी तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होते, बाबा. हॉस्पिटलात केमोचे डोस मी तपासते, माझ्या सहीशिवाय बाटली वॉर्डात जात नाही. आणि घरी मी कणकेच्या हातांनी उभी राहून "आता किती"ला उत्तरं देत होते, आणि एकही चुकत नव्हतं.

पहिल्या शनिवारी दुपारी, कसिनोच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच तुम्ही जागा सांगितल्यात. "शेवटची खुर्ची माझी. त्या खुर्चीची पाळी सगळ्यांनंतर येते, तोवर सगळ्यांचे पत्ते बघून होतात. मोजणाऱ्याने तिथेच बसायचं."

"आणि मी?"

"तू पहिल्या खुर्चीत. तिथून काहीच बघायला मिळत नाही, पण तुला बघायचंय कुठे? एखादा मूर्ख येऊन बसू नये म्हणून जागा अडवायची, बस."

"मला मोजता येतं, बाबा. घरी मोजते की मी."

"घरी," तुम्ही म्हणालात आणि दार उघडून उतरलात. मी गाडी लॉक करून तुमच्या मागे निघाले. बाविशीतली मुलगी असते तर परत घरी गेले असते.

तर टेबलाचं चित्र असं. आपण डीलरकडे तोंड करून बसलो की शेवटची खुर्ची डाव्या टोकाला आणि पहिली उजव्या. तुम्ही त्या टोकाला, मी ह्या. माझ्या कोपरापाशीच पत्त्यांचा तो काळा डबा. तुमचा उजवा डोळा तेव्हाच अधू झाला होता, पण तुम्ही ते कबूल करत नव्हतात. शिवाय प्रत्येक डाव संपला की तुम्ही दोन सेकंद डोळे मिटायचात, आकडा पक्का करायला, फळ्याशी उभे असताना मिटायचात तसे. आणि नेमक्या त्या दोन सेकंदांत डीलर टेबलावरचे सगळे वापरलेले पत्ते गोळा करायची आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या डब्यात मागून परत सारायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच समजत नाहीये. दुसऱ्या शनिवारी तुम्ही टॉयलेटला गेलात तेव्हा मी विचारलं. डीलर उत्तरेकडच्या मनुरेवाहून आलेली एक सामोअन बाई होती, माझ्याच वयाची, केसांत फूल. "ते मशीन आहे, लव्ह," ती म्हणाली. "सगळा वेळ पिसतच असतं. पत्त्यांना सुट्टी नाही, मला निदान ब्रेक मिळतो." मग तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून हळू आवाजात, "डॅड मोजतात ना तुझे? आम्हाला सगळ्यांना माहितीये. स्वीट अ‍ॅज, काही हरकत नाही. मोजू दे त्यांना."

म्हणजे डब्यातून काही निघूनच जात नव्हतं. गेलेला प्रत्येक पत्ता पुढच्या डावाला परत आत. तुमचं अधिक एक, उणे एक, ती शेवटची खुर्ची, ते मिटलेले डोळे, सगळं पाण्यात. पुस्तक जुनं होतं, त्यात असलं मशीन नव्हतं. पत्ते कधी पिसताना दिसत नाहीत याचं उत्तरही तुम्ही स्वतःच काढून ठेवलं होतं. डीलर बदलली की डबाही नवा, म्हणून तिथे शून्यापासून सुरुवात. शाळेत तास बदलला की मास्तर बदलतात, तसं. कुणाला विचारावं हे तुमच्या मनातही आलं नाही. विचारतात ती दाराजवळच्या बाकावरची मुलं.

त्या दिवशी परत येताना तुम्ही गाडीत मला समजावत होतात की निकाल अजून दिसत नाही कारण नमुना लहान आहे. मी म्हणाले, "हो बाबा." सिग्नलला थांबले, हिरवा झाला, निघाले. सांगायला घरापर्यंतचा पूर्ण रस्ता होता. मी सांगितलं नाही आणि मला खूप बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. जन्मभर ज्या माणसाने माझी वाटी रिकामी ठेवली, तो माणूस दर शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्या गाडीत बसून, चुकीचं गणित सोडवायला जात होता आणि ते फक्त मला ठाऊक होतं. सव्वा वर्ष मी तुम्हाला नेलं. पावसात नेलं, माझी पाठ दुखत असताना नेलं. नवरा म्हणायचा, "किती करतेस तू बाबांचं." मी गाडीची किल्ली उचलायची.

एकदा एक दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर तुमच्या शेजारी बसला होता, आठवतं? डीलरपुढे छक्की होती, सगळे थांबले होते, ती बाद होणार अशी सगळ्यांना आशा. तुमची बेरीज पंधरा. तुमच्या आकड्याने सांगितलं म्हणून तुम्ही पत्ता मागितलात, राजा आला, म्हणजे आणखी दहा, तुम्ही बाद. नंतर डीलरची बेरीज बरोबर एकवीस झाली आणि सगळं टेबल हरलं. तो उसळलाच. "मेट, तो तिचा पत्ता होता. तू घेतला नसतास तर ती बाद झाली असती. शेवटच्या खुर्चीत बसायचं तर खेळता यायला हवं." तुम्ही तुमच्या शाळेच्या इंग्रजीत त्याला सांगायला लागलात की संभाव्यतेला असली स्मरणशक्ती नसते. तो म्हणाला, "व्हॉटएव्हर, ग्रँडपा," आणि टेबलावरचे दोघं हसले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. टेबलाच्या त्या टोकाकडून ह्या टोकाकडे, चांगला डोळा वळवून बघितलंत. मी माझ्या चिप्स एकावर एक रचत बसले. वर्गात सगळे मला हसायचे तेव्हा तुम्ही हाताचा खडू पुसत उभे राहायचात, तेवढ्याच शांतपणे.

आणि मग तो शेवटून तिसरा की चौथा शनिवार. गाडी लावली तरी तुम्ही उतरेनात. पट्टा तसाच लावलेला. म्हणालात, "आज तू तिकडे बस."

"कुठे?"

"शेवटच्या खुर्चीत. मला उजवीकडचं नीट दिसत नाहीये. आकडा तीनच्या वर गेला की चष्म्याला हात लाव. मी तुझ्या शेजारी बसेन आणि त्याप्रमाणे लावेन." आणि पुढच्या काचेतून समोर बघत, "तुला येतं."

मी त्या खुर्चीत बसले. बाबा, मला माहीत होतं की आकड्याला काडीचाही अर्थ नाही. नुसता चष्म्याला हात लावत राहिले असते तरी चाललं असतं, तुम्ही मान डोलावली असतीत. पण मी मोजलं. तासभर एक पत्ता सोडला नाही. चहा विचारायला आलेल्या मुलीकडे मी बघितलंही नाही. मी हात लावला की तुम्ही एका शब्दाने न विचारता चिप्स पुढे सरकवत होतात. कधी जिंकलात, कधी हरलात, हरल्यावरही माझ्याकडे वळून बघितलं नाहीत. डीलर तीच होती. माझ्याकडे पाहून तिने फक्त भुवया उचलल्या आणि मी मान खाली घातली.

गाडीत बसल्यावर तुम्ही विचारलंत, "उठताना किती होते?"

"अधिक सात."

तुम्ही डोळे मिटलेत. जे काही अर्धंमुर्धं दिसलं असेल ते मनात जुळवून बघत असाल. मग म्हणालात, "बरोबर." आणि पुढचं काही विचारलं नाहीत. रोटोटुना येईपर्यंत मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही.

त्या थंडीत तुम्ही गेलात. इथल्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली, मी उभी राहून कसिनोची गोष्ट पहिल्यांदा सांगितली आणि मशीनचं गाळलं. दादाला खरं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बरं केलंस, नाही सांगितलंस त्यांना. म्हातारपणी एक आनंद होता, तो कशाला मोडायचा?" मी म्हणाले, तेच ना. त्याच्यासाठी मी समंजस मुलगी आहे. स्मरणिकेत तो तेच छापेल, आणि छापू दे. मी त्याला दुसरी दोन पानं लिहून पाठवीन, त्यात तुम्ही गोड असाल. ही पानं कुठेच जाणार नाहीत.

पण तुमच्यापुरतं लिहिते. सव्वा वर्ष मी गप्प बसले ते तुमच्यावरच्या रागाने, आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. त्या शनिवारनंतर मात्र राग उरला नव्हता. तुम्ही आणखी तीन आठवडे होतात, रोज समोर बसून जेवत होतात, आणि मला सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर तुम्ही चुकीचे ठरला असतात, ते मला चाललं असतं. पण मग माझंही उत्तर बरोबर राहिलं नसतं.