गिरणीचा संघ, भैरीचा संघ

महाड, एस.टी. स्टँडसमोर
२ एप्रिल १९६२

प्रिय येसाजी,

तुम्ही जिंकलात. बाकीचं काही लिहिण्याआधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायला तुला बळ राहील. भातगिरणीच्या शेटांनी संघावरचा हात काढून घेतला आणि तुमच्या गावदेवाचा, भैरीचा हुतुतू संघ पुन्हा भैरीचा झाला. तुमच्या गावचा सोनबा ही बातमी घेऊन माझ्या हॉटेलात शिरला तेव्हा त्याचा अवतार असा होता की बाकावरचा एक पाहुणा मला हळूच विचारता झाला, यांना मुलगा झाला का. सोनबाने ते ऐकलं. म्हणाला, "पोरगा कसला, आमचा बाप घरी आलाय." मग सगळ्यांना स्वतःच्या खर्चाने चहा पाजला. सोनबाने चहा पाजला, यावरून प्रसंग केवढा ते ओळख.

मी तुमच्या गावचा नाही, पण संघ माझाही आहे, हे तू नाकारणार नाहीस. आपण दोघं इथल्या बंदरावर पोती उचलत होतो तेव्हापासून मी तुमच्या पोरांच्या मागे फिरलोय. तू संघाचा पुढारी होतास ते दिवस आठवतात का रे? सामन्याला निघायच्या आधी गुरव गाऱ्हाणं घालायचा, सगळं गाव माना डोलवायचं, मग नारळ फुटायचा आणि तुम्ही अनवाणी डोंगर उतरायला लागायचात. कुडपणची माणसं भाकऱ्या बांधून यायची, उमरठची यायची. तुझा दम घुमायला लागला की नदीपलीकडच्या बायका धुणं थांबवायच्या. तू गिरणगावात गेलास, मी चहाची किटली धरली. तुझ्या जागेवर तुझा धाकटा भाऊ उभा राहिला. तुझ्यापेक्षा बरा खेळायचा चांगू. तेव्हा तोंडावर बोललो नव्हतो, आता लिहितो.

शेटांबद्दल खरं सांगायचं तर सुरुवातीला त्यांना शिव्या कोणीच दिल्या नव्हत्या. पोरांना भाताच्या गिरणीत काम मिळालं, पनवेल-अलिबागला सामन्यांना जायला लॉरी मिळाली, आणि हाच सोनबा तेव्हा म्हणायचा की शेट म्हणजे देवमाणूस. मग शर्ट आले, त्यांच्यावर गिरणीचं नाव. मग लॉरीला उशीर होतो म्हणून गाऱ्हाणं बंद झालं. मग 'हुतुतू' म्हणायचं नाही, 'कबड्डी' म्हणायचं असा हुकूम झाला. तो नियम जिल्ह्याचा होता, पण राग शेटांवर निघाला. सगळ्यांवर कडी केली ती धाकट्या शेटने. संघ निवडायला त्याने पोरांना भात मोजायच्या काट्यावर उभं केलं. जो वजनात कमी पडला त्याला बाजूला काढला, पोत्यासारखा. ते बघून आलेला एक म्हातारा माझ्याकडे बसून नुसता कपाकडे बघत राहिला. चहा प्याला नाही.

त्यानंतर वर्षभर माझ्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. माझे कान तुला ठाऊक आहेत. स्टोव्ह फुरफुरत असला तरी मला कोपऱ्यातलं कुजबुजणं ऐकू येतं. "पुढल्या साली संघ मुंबईवाल्याला इकतील बघ." "गिरणी बसली तर पोरं कुठं जातील?" "भैरीचं नाव गेलं तिथंच संघ गेला, आता नुसतं शर्ट खेळतात." एकदा कोणीतरी म्हणालं, अरे पण संघ जिंकतोय ना. सोनबाने त्याला असा झापला की तो उरलेली भजी सोडून उठला. "जिंकतोय कोण? ती गिरणी जिंकते. आपली पोरं हरली तरी चालतील मला, पण आपली हरू देत."

यातून मार्ग काढला तो मुंबईतल्या तुमच्या गाववाल्यांच्या मंडळाने. मला वाटतं तुमच्या खोलीत ठराव झाला तेव्हा तुझ्या डोळ्यासमोर कोणाचाच चेहरा नसेल. जो गिरणीकडून खेळेल तो वाळीत. त्याच्या दारात जायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि त्याच्या हातचं पाणी जो पिईल तो त्याच्यासारखाच. गावकीचा प्रमुख म्हणून गोमाजी गावकराने ते देवळासमोर वाचून दाखवलं. खाली सही कोणाची, हे त्याने शेवटी दोनदा वाचलं. तुमचा हिशेब असा की असलं काही कानावर आलं की पोरं धावत परत येतील. तो चुकला म्हणता येणार नाही. एकेक करून आली. देवळात नाक घासलं, नारळ दिला, गिरणी सोडली. सगळी आली, एक सोडून.

तुला कोणी लिहिलं नसेल, म्हणून मी लिहितो, चांगू का आला नाही ते. शेटांवर त्याचं प्रेम नव्हतं. काट्यावर उभा राहायला नकार देणारा तो एकटाच होता, आणि तरीही त्याला घेतलाच, कारण त्याच्याशिवाय संघ नव्हता. तो मला म्हणाला, "महिपतीदादा, मी कोनाच्या बाजूनं नाय. मला चढाई करायला पाटी आखलेलं मैदान पायजे, बस. पन दादाने सांगितलं तर आज सोडतो." म्हणजे तू. मंडळाचा कागद नव्हे, तू. मी त्याला म्हटलं, अरे कागदावर सही त्याचीच आहे. तर म्हणतो, "ती मंडळाची सही. माझा दादा मला कागदावरून सांगणार नाय." मग तो मुंबईची गाडी आली की हॉटेलाच्या दारात येऊन उभा राहायचा. कोणी गाववाला उतरला की त्याच्याशी बोलायची चोरी, म्हणून मला डोळ्यांनी विचारायचा, काही निरोप? मी मान हलवायचो. तुला अवघड होतं, मला कळतं. सगळ्या गावाला एक नियम लावून स्वतःच्या भावाला वेगळी चिठ्ठी कशी लिहायची. तेव्हा लिहिली नाहीस. निःपक्षपाती राहिलास. गावात तुझं अजून कौतुक होतं त्याबद्दल.

घर वाळीत पडू नये म्हणून तो स्वतःच घराबाहेर पडला आणि गिरणीच्या शेडमध्ये राहू लागला. तुझी आई, बयाबाई, बाजारच्या दिवशी खाली यायची, गिरणीच्या कुंपणाजवळच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि मागे न बघता निघून जायची. हे गोमाजीच्या कानावर गेलं. गावकर आहे, पण अगदीच दगड नाही. म्हणाला, "दगडावर ठेवली म्हंजे दगडाला दिली." तेवढी वाट त्याने ठेवली. सोनबाने तीही बुजवली. पुढच्या बाजाराला भाकरी ठेवली की लगेच उचलून कुत्र्याला घालायला तो तिथे आधीच उभा होता. आई म्हणाली, "तुझ्या पोटाला घाल रे, कुत्र्याला कशाला." तो हसला आणि कुत्र्यालाच घातली. हाच सोनबा चांगूला खांद्यावर घेऊन स्टँडभर नाचला होता, दोन वर्षंही झाली नसतील.

सामन्यांना तर तुम्ही मुंबईत बसून कल्पना करू शकणार नाही अशी गंमत चालायची. गाव यायचं, पुढे बसायचं, आणि गप्प. गिरणीच्या संघात आता चांगू सोडला तर सगळी बाहेरून आणलेली पोरं. चांगू चढाईला गेला की पहिल्या रांगेतून मुठी उघडायच्या आणि भाताचा कोंडा उडायचा. गिरणीचा कोंडा गिरणीला. डोळे मिटून खेळायचा तो. कोंडा नाकात गेला की दम तुटतो, हे तुमच्या गावाला वेगळं शिकवायला नको. त्याचाही सराव केला त्याने.

मग जत्रेतला सामना. तुमच्या गावाने परत आलेल्या पोरांचा संघ उभा केला होता, भैरीच्या नावाचा, आणि समोर गिरणी. मी हॉटेल बंद ठेवून गेलो. उत्तरार्धात दोन्ही बाजू सारख्या होत्या आणि चांगू चढाईला आला. त्या दिवशी कोंडा उडाला नाही. तो शिरला, कोपऱ्यातल्याला शिवला, वळला, आणि खालून घोटा धरला गेला. गावात त्या पकडीला अजून तुझंच नाव आहे. घोटा धरायचा, गुडघा उलटा दाबायचा आणि दम संपेपर्यंत सोडायचं नाही. घोट्यावर एक, वर बाकी सगळे. ज्या पोरांबरोबर तो करवंदं खात मोठा झाला ती. त्याचा हात मधल्या रेषेकडे लांबला, वीतभर कमी पडत होता, आणि तोंडाने दम चालूच. दम चालू आहे तोवर पकडणाऱ्याने सोडायचं नाही, खेळाचा कायदाच तो. आणि त्याने दम सोडला असता तर ते सुटलेच असते. त्याने सोडला नाही. तेव्हा वर्षभर गप्प बसलेलं तुमचं गाव उठून उभं राहिलं आणि ओरडायला लागलं, "दाब रे, दाब, सोडू नको." सगळे. बायासुद्धा. त्या गलक्यात मला हाड मोडल्याचं ऐकू आलं. माझे कान मेले, नको ते आधी ऐकतात. पण त्याहून वाईट म्हणजे त्यानंतरही मला दम ऐकू येत होता, आणि येसाजी, तो 'कबड्डी' म्हणत नव्हता. 'हुतुतू'च म्हणत होता. पंचाने शिट्टी मारली तेव्हा थांबला. बाद दिला त्याला. भैरीने एका गुणाने सामना घेतला.

शेट माणसं व्यवहारी. दुसऱ्या दिवशी धाकटा शेट म्हणाला, मोडलेल्या काट्यावर वजन करत नाहीत, आणि बाहेरच्या पोरांना लॉरीत घालून परत पाठवलं. संघ संपला. त्यांना कधी दुःख झालं असेल तर ते लॉरीच्या टायरचं. म्हणजे जे तुमचा ठराव वर्षभरात करू शकला नाही ते एका गुडघ्याने झालं. चांगूला हातगाडीवर घालून मी सरकारी दवाखान्यात नेला. पाय वाचला, पण गुडघा आता वाकत नाही. डॉक्टर मुंबईला न्या म्हणाले; तो नको म्हणाला, का ते मी विचारलं नाही. घरी जायचं म्हणाला. तुमच्या गावची चढण त्या पायाने होणारी नाही, डोली लागते, आणि डोलीला चार खांदे लागतात. मी गोमाजीला विचारलं. तो म्हणाला, "खांदा देऊ, पन ठराव मुंबईचा हाय, मुंबईने उठवू दे." तुमच्या मंडळाच्या चिटणीसाला मी निरोप धाडला, तर उत्तर आलं की वाळीत टाकणं हा गावकीचा विषय आहे. छान बसवलंय तुम्ही. त्याला माफी मागून ये म्हणावं, तर तो विचारतो, कशाची? तेव्हा तो माझ्याकडे आहे. खाली बसून कप घासायचा, आता काठी काखेत धरून चहाही देतो. तो इथे आल्यापासून तुमच्या गावचं कोणी माझ्याकडे कपाला हात लावत नाही. सोनबाने पाजला तो चहा त्याआधीचा, मीच हाताने दिलेला; चांगू तेव्हा दवाखान्यातच होता.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल गोमाजी आला, पाणीही न पिता बसला. चैत्री पौर्णिमेला पालखीच्या दिवशी नव्या संघाचा नारळ फोडायचा ठरलंय, आणि तो मान तुझा. संघ वाचवला तो येसाजीने, असं सगळ्यांचं मत. तू माझ्या शब्दाबाहेर नाहीस म्हणून आमंत्रण मी लिहावं, असं त्याने सांगितलं, आणि मी हो म्हटलं. तर हे आमंत्रण समज, आणि ये. आई वाट बघते आहे. मुंबईची गाडी माझ्या दारातच थांबते आणि पोलादपूरची लागेपर्यंत तुला माझ्याच बाकावर बसावं लागेल. सोनबा ताशेवाले घेऊन स्टँडवर येणार आहे, गोमाजीही असेल, अर्धं गाव असेल. उतरलेल्या प्रत्येकाला चहा चांगू देतो. त्या दिवशी त्याला आत बसव, असं गोमाजीने मला सुचवलं. मी नाही म्हणालो. तू येणार हे मी त्याला सांगितलं आहे. तो काठी टेकत तुझ्यापर्यंत येईल आणि कप पुढे धरील, आणि तुझा ठराव तुला पाठ आहेच. घेतलास तर नारळ दुसरा कोणी फोडेल आणि डोलीचे पहिले दोन खांदे आपले दोघांचे होतील. न घेतलास तरी मी तुझ्याशी बोलणं सोडणार नाही, ती रीत माझ्या घराण्यात नाही. फक्त जे ठरवायचं ते गाडीतच ठरवून ये. त्याला एका पायावर फार वेळ उभं राहता येत नाही.

अजून तरी तुझाच,
महिपती