सुतळी, लोड्या आणि शांपू

२ मार्च, रविवार
घरात वास येतो. हे मी आज अधिकृतपणे मान्य केलं. बायको फार पूर्वीपासून म्हणते आहे, पण तिचं म्हणणं आणि माझं मान्य करणं यात फरक आहे.

मुलगी नव्या नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि जाताना, तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत म्हणून, तिची दोन फेरेट्स आमच्या गळ्यात घालून गेली. फेरेट म्हणजे लांबुडकं, केसाळ, मुंगसाच्या नात्यातलं वाटावं असं प्रकरण. लोड्या जाडा आणि सुस्त. सुतळी बारीक आणि आगाऊ. दोघं दिवसाचा बहुतेक भाग झोपतात. उरलेल्या वेळात माझे मोजे पळवतात.

निवृत्त झालो म्हणून काय झालं? पॅकिंगच्या कारखान्यात उभा जन्म क्वालिटी कंट्रोल सांभाळलंय. वास हा क्वालिटीचा प्रॉब्लेम आहे. आजपासून दर रविवारी आंघोळ, नखं, कान. महिन्याभरात या घराची हॉटेलची लॉबी होईल.

मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, त्यांना उगाच आंघोळ घालू नका हं. उगाच नाहीच घालणार. पद्धतशीर घालणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
आंघोळ झाली. टबात कोमट पाणी, लहान मुलांचा शांपू, टॉवेल हाताशी. आधी लोड्या. त्याने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं अंग सैल सोडून दिलं. असा समजूतदार कामगार मला कारखान्यातही मिळाला नव्हता. मग सुतळी. ती माझ्या बाहीतून शिरून कॉलरमधून बाहेर आली, डोक्यावर चढली आणि तिथून शॉवरच्या नळीवर. शांपू माझ्या डोळ्यांत. एकूण तिघांची आंघोळ झाली.

नंतर दोघांनी टॉवेल सोडून सगळ्याला अंग पुसलं. सोफा, गालिचा, बायकोची कामावर न्यायची पर्स, शेवटी कुंडीतली माती.

एकंदरीत यशस्वी. किरकोळ सुधारणा हव्यात. कंबर गेली.

४ मार्च
बायको म्हणाली, वास वाढलाय. मी समजावलं की वरचा वास गेला म्हणून आतला वास बाहेर पडतोय, मशीन साफ केल्यावर आमच्याकडेही असंच व्हायचं. ती पर्स उचलून कामावर गेली. चष्म्याच्या दुकानात असते. दिवसभर लोकांना काय दिसत नाही तेच शोधायचं, त्यामुळे तिला खोट काढायची सवय लागली आहे.

आठवड्यातून एकदा पुरणार नाही. दोनदा.

६ मार्च
दुसरी आंघोळ. सुतळी मला चावली नाही. तिने दात टेकवले. रक्त आलं ते माझी कातडी वयाने पातळ झाल्यामुळे.

९ मार्च, रविवार
आज नखं. मोबाईलवर व्हिडिओ लावून बसलो. त्यातली बाई हसत हसत नखं कापते. मी एक नख कापलं. माझं. पण नीट बघितल्यावर लक्षात आलं की दोघांची नखं मुळातच छान आहेत, एकसारखी आणि बोथट. आंघोळीने झिजत असणार. हा फायदा मुलीला कळवला पाहिजे.

आंघोळही उरकली. वास जरा जास्तच. हट्टी दिसतोय. तीनदा करावी लागणार.

१२ मार्च
बाथरूम तुंबलं. प्लंबर आला. म्हणाला, मुंगसं पाळलीत का? मी त्याला फेरेट आणि मुंगूस यातला फरक बराच वेळ समजावून सांगितला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, म्हणजे मुंगूसच. मग जाळीतून केसांचा एक गोळा, शांपूचं झाकण आणि माझा एक मोजा काढला. जाताना म्हणाला, जरा खिडकी उघडत चला.

खिडकी उघडीच होती.

१५ मार्च
बायको मुलीच्या खोलीत झोपायला गेली. वासामुळे, असं म्हणाली. फेरेट्स असतात हॉलमध्ये. मग वास टाळायला आमच्या बेडरूममधून का गेली, हे विचारायचं राहून गेलं.

मला तरी बेडरूममध्ये कसलाच वास येत नाही.

१८ मार्च
लोड्या सारखा खाजवतोय. पाठीवर कोंड्यासारखं दिसतं आणि शेपटीचे केस विरळ झालेत. ऋतू बदलतोय, त्यामुळे असेल. कंडिशनर आणला. लावताना तो नेहमीसारखा सैल पडला, पण या वेळी समजूतदारपणाने पडल्यासारखा वाटला नाही. दमल्यासारखा वाटला. मीही दमलोय.

मुलीचा फोन आला होता. दोघं कशी आहेत, विचारत होती. चकाचक, म्हटलं.

१९ मार्च
लोड्याला घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आंघोळ किती वेळा घालता? मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं. मग मी खरा आकडा सांगितला.

बाई म्हणाल्या, इतकं धुतलेलं फेरेट मी आजवर पाहिलेलं नाही. सुरुवातीला मला हे कौतुक वाटलं. मग म्हणाल्या, अहो, तुम्ही अंगावरचं तेल धुऊन टाकता, म्हणून त्यांचं अंग आणखी तेल सोडतं, आणि वास त्या तेलाचाच असतो. वर कातडी कोरडी पडून बिचारा खाजवतोय. आंघोळ बंद. अंथरुणं धुवा, शीचा ट्रे रोज साफ करा. पुरे.

म्हणजे स्वच्छता महत्त्वाची, यावर आमचं तत्त्वतः एकमत आहे. फक्त काय धुवायचं एवढाच मतभेद.

बायकोला सांगितलं, तब्येत उत्तम आहे म्हणाल्या.

२२ मार्च
आंघोळ पूर्ण बंद. आज फक्त ओल्या फडक्याने पाय पुसले. पाय पुसणं म्हणजे आंघोळ नव्हे. पोट पायांना लागूनच असतं, त्याला माझा इलाज नाही. पाठ मात्र मुद्दाम राहू दिली. निदान अर्धी.

२४ मार्च
सुतळी सापडत नाही. सकाळी चहासाठी नळ सोडला आणि दोघं पळाली. लोड्या कपाटामागे सापडला. सुतळी नाही. हल्ली नळाचा आवाज झाला की दोघं पळतात, हे मी पाहिलं होतं. त्याला व्यायाम समजत होतो.

सोफ्याखाली, वॉशिंग मशीनमागे, बुटांत, उशीच्या खोळीत. कुठेच नाही. मधे मी दार उघडं ठेवून दूध घ्यायला गेलो होतो का? आठवत नाही. जिना उतरून गाड्यांखाली बघितलं. वॉचमनने विचारलं, काय हरवलं? सुतळी, म्हटलं. तो म्हणाला, माझ्याकडे आहे ना, किती हवी?

शेवटी बायकोला दुकानात फोन केला. माझा आवाज कसा झाला होता कोण जाणे, ती काही न विचारता लगेच निघाली.

त्याच दिवशी, दुपारनंतर
सापडली.

बायको आली, पर्स ठेवली आणि खाली फरशीवर बसली. मला म्हणाली, तुम्ही जरा तिकडे व्हा. कुठे? तिकडे, दिसणार नाही असे. मी दाराआड उभा राहिलो. तिने खाऊचा डबा वाजवला आणि हळूच हाक मारली. सोफ्याच्या तळाचं कापड हललं आणि त्यातून सुतळी बाहेर आली. सरळ तिच्या मांडीवर.

बायकोने बोटाने माशाच्या तेलाचा थेंब तिच्या पोटाला लावला. सुतळी तो चाटत बसली, आणि ती चाटतेय तोवर बायकोने चारही पायांची नखं कापून टाकली. मी दाराआडून विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, पहिल्यापासून. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दुपारी आडवे होता तेव्हा. पोरीने दाखवलं होतं.

मग लोड्याला जवळ घेऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि विचारलं, डॉक्टर खरंच काय म्हणाल्या?

सांगितलं. सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, अहो, ते तुम्हाला घाबरतात.



३० मार्च, रविवार
शांपू टाकून दिला. आता अंथरुणं धुतो. त्यांच्या निजायच्या टांगत्या झोळ्या, चादरी, जुने टॉवेल. ट्रे रोज. काम कंटाळवाणं आहे, त्यात बुद्धीला काही वावच नाही. वास बराच कमी झालाय. माझ्या मूळ योजनेचा पुढचा टप्पा हाच होता, असं बायकोला सांगायला गेलो. तिने नुसतं पाहिलं. मग नाही सांगितलं.

लोड्याचं खाजवणं थांबलंय. मी सोफ्यावर बसलो की सुतळी दुसऱ्या टोकाला येऊन बसते. हात पुढे केला तर जाते. हात पुढे करत नाही.

६ एप्रिल, रविवार
मुलीचा फोन. बायकोने स्पीकरवर लावला. लेक म्हणाली, आता मी इथे रुळले, पुढच्या आठवड्यात येऊन दोघांना घेऊन जाते, म्हणजे बाबांची पण सुटका. मी विचारलं, पण तुझ्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत ना? ती म्हणाली, चालतात की, आधीपासून चालतात. मग घाईघाईने म्हणाली, बरं, ठेवते हं. बायको खिडकीकडे बघायला लागली.

फोन ठेवल्यावर मी विचारलं. बायको आधी म्हणाली, काही नाही हो. मग म्हणाली, मीच तिला म्हटलं होतं, राहू देत इथेच. तुम्ही रिटायर झाल्यापासून नुसते खुर्चीत बसून होता. सकाळी मी जाताना जसे असायचे, तसेच संध्याकाळी. दाढी नाही, जेवण अर्धवट. म्हटलं, घरात काहीतरी हलतं असलं तर उठतील तरी.

म्हणजे मी त्यांना सांभाळत नव्हतो.

मी म्हटलं, घेऊन जाऊ दे. माझी काही हरकत नाही. दमलोय मी. खरंच दमलोय. तिने विचारलं, नक्की? हो म्हणायच्या ऐवजी मी उठलो आणि वॉशिंग मशीनमध्ये झोळ्यांचं कुठवर आलंय ते बघून आलो.   बायको म्हणाली, बरं, मी तिला सांगते, इतक्यात नको. मी म्हटलं, सांग तुला काय सांगायचं ते.

मशीन थांबलं. झोळ्या वाळत घालायच्या आहेत. दोरी मधे सैल झाली आहे. उद्या ओढून बांधतो.