कुंपणाचे बारा अंश

२ तारीख, रविवार
कपाटात घराचं खरेदीखत सापडलं. त्यात लिहिलंय: फाटकाजवळच्या दगडापासून हद्द मागे जाते, उत्तरेपासून उजवीकडे सत्तर अंशात. उजवीकडे मिशीवाला राहतो. त्याने जागा ढापली असणार, तोंडच तसं आहे. (न्हाणीघर बांधताना कुंपण मीच जरा सरळ करून घेतलं होतं. पण तेव्हा तो राहायला आला नव्हता, त्यामुळे ते मोजायचं कारण नाही.)

३ तारीख, सकाळी ७
होकायंत्र आणलं. हात हलू नये म्हणून फाटकाच्या लोखंडी खांबावर टेकवलं. डोकं लागतं. कुंपण अठ्ठावन्न अंशांवर! बारा अंशांची चोरी!
मुलगी म्हणाली, बाबा, लोखंडाजवळ सुई फिरते. तिला भूगोलात किती मार्क मिळतात ते मला ठाऊक आहे. दहावीला भूमितीत डिस्टिंक्शन कोणाला होतं?

३ तारीख, दुपारी
कागदावर कोनमापक लावून काढलं. मागच्या टोकाला बारा अंश म्हणजे चार मीटर. त्याचं अख्खं स्वयंपाकघर माझं. रक्त उसळलं. जेवण गेलं नाही.

५ तारीख
मिशीवाल्याला कुंपणावरून सुनावलं. तो म्हणाला, होकायंत्र खांबावरून उचलून बघा. चोराच्या मनात चांदणं. बायको म्हणाली, शेजाऱ्याशी वैर कशाला, आपलं काय अडलंय? या घरात माझ्या बाजूने कोणी नाही. सरकारी मोजणीचा अर्ज टाकला. निकाल दोघांना बंधनकारक राहील, असं मीच मिशीवाल्याकडून अर्जावर लिहून घेतलं. सहीही मीच आधी केली. आता पळून दाखव.

१८ तारीख, सायंकाळी
मोजणीदार आला. मी होकायंत्र खांबावर ठेवून दाखवलं. त्याने ते उचललं, फाटकापासून दहा पावलं लांब नेलं आणि मला विचारलं, शाळेत गेला होतात का. मुलगी हसली. पोटची पोर.
त्याच्या मते कुंपण शहात्तर अंशांवर. हद्द सत्तरवर. म्हणजे सहा अंश मीच मिशीवाल्याच्या जागेत घुसलोय. चुन्याची रेघ कुंपणाच्या अलीकडून निघाली आणि थेट माझ्या न्हाणीघरातून गेली. मोजणीदाराने अर्जावरची माझी सही दाखवली. सही सुरेख आली होती. मोजणीदार विकला गेलाय, हे उघड आहे.

१९ तारीख
वर अपील करणार. सगळ्यांना कोर्टात खेचणार. तोवर अंघोळ करायची नाही, निषेध म्हणून.

२२ तारीख
बायको म्हणाली, निषेधाचा वास येतोय. ती स्वतः मिशीवाल्याकडे गेली. न्हाणीघर पाडायचं की ठेवायचं ते तो दिवाळीनंतर ठरवणार. तोवर आम्हाला वापरू देईल. वेळ सकाळी साडेसहा ते सात.

२३ तारीख, सकाळी ६.५०
अंघोळ केली. बाहेर मिशीवाला खोकला. साबण तसाच अंगावर ठेवून निघालो.