स्वेटरच्या बाह्या

धाकट्याच्या आईला सांगणं की,

मी आणि धाकटा दोघं बरे आहोत. त्याला घेऊन दारू सोडवायच्या केंद्रात सकाळी जातो, संध्याकाळी खोलीवर येतो. तिथं सगळ्यांनी गोल बसून बोलायचं. मला ती नुसती बडबड वाटते, पण पोरगं बोलतं, म्हणून मी गप्प.

परवा एकटाच बाहेर गेला आणि तू विणलेला स्वेटर विकून पिऊन आला. काल सगळ्यांसमोर स्वतःच सांगितलं. केंद्रातल्या बाई म्हणाल्या, "खरं बोललास. उद्यापण ये." माझा हात शिवशिवत होता, पण त्याचे हात इतके कापत होते की मारायचं राहून गेलं.

तुझा गुडघा कसा आहे? रडत बसू नको. दुसरा स्वेटर विणायला घे. बाह्या बोटांपर्यंत लांब ठेव. कापणारे हात लोक बघतात, त्याला लाज वाटते.

तुझा,
म्हातारा