घाटाच्या फोटोतला जोड

३ मार्च १९७५, कऱ्हाड

किळस आली आज. नदीकाठच्या जुन्या घाटावरच्या यात्रेचा लांबलचक फोटो आमच्या शाळेला हवा होता. फोटोग्राफरने तीन फोटो काढून कडा कापल्या, शेजारी शेजारी चिकटवले. गावचे पुढारी तिन्हींत! दर वेळी कॅमेऱ्यामागून पळत जाऊन पुन्हा पुढे उभे. घाट झाडणारी हौसाबाई मात्र जोडात गेली. उरला नुसता हात. मिलिटरीतल्या मुलाला ती हा फोटो पाठवणार होती.

"आवं बाई, ह्यात मी कुठं हाय?"

फोटोग्राफर म्हणाला, "जोड कुठंतरी येणारच."

"मग पुढाऱ्यांवर का नाही आला?" मी विचारलं.

आणि मी? फोटो हाती येताच आधी स्वतःचा चेहरा शोधला, पदर नीट दिसतोय ना ते पाहिलं आणि ‘छान’ म्हणाले. हौसाबाई शेजारीच उभी होती.